ओढ्यातील गवंडी

गोरेगावच्या पूर्वेस आरेच्या टेकड्या आहेत. त्यांना लागूनच संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे अरण्य पसरलेले आहे. पावसाळ्यात तेथील खडकांवरून ओढे खळाळत वाहू लागतात. स्वच्छ ओढ्यांतील दगडांवर कधी कधी वाळूच्या कणांची इवलीशी नळी आढळते. ती नळी म्हणजे कॅडिस माशीच्या अळीचे घर होय. नावात माशी असली, तरी या कीटकाचे जवळचे नाते फुलपाखरे व पतंग यांच्याशी आहे. जगात त्याच्या १६,००० हून अधिक जाती आहेत.

मादी पाण्यात किंवा पाण्याच्या काठी अंडी घालते. अंड्यातून अळी बाहेर पडते. तिच्या खालच्या ओठाजवळून रेशमाचा धागा निघतो. तो पाण्यातही चिकटतो, हे त्याचे वैशिष्ट्य. या धाग्याने ती वाळू, काटक्या वा पानांचे तुकडे सांधून स्वतःभोवती घर बांधते. शेपटीकडील आकड्यांनी ते घट्ट धरून ती घरासह हिंडते. अंग वाढले की घरही वाढवते. काही जातींच्या अळ्या फिरते घर बांधत नाहीत. त्या प्रवाहाच्या दिशेने तोंड असलेले जाळे विणतात आणि वाहत आलेले अन्नकण त्यात पकडतात.

पूर्ण वाढलेली अळी घर दगडाला चिकटवते, त्याची तोंडे रेशमाने बंद करते आणि आत कोशावस्थेत जाते. पुढे कोश आपल्या तीक्ष्ण जबड्यांनी वाट कापून पृष्ठभागाकडे येतो, आणि त्यातून पंखधारी कीटक बाहेर पडतो. त्याचे पंख केसाळ असून विसाव्याच्या वेळी ते कौलारू छपरासारखे मिटलेले असतात. रात्री तो दिव्याकडे ओढला जातो. त्याचे आयुष्य थोड्याच दिवसांचे असते.

या अळ्या पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर जगतात. पाणी घाण झाले की प्राणवायू घटतो आणि त्यांपैकी बहुतेक जाती नाहीशा होतात. म्हणून पाण्याची परीक्षा करताना शास्त्रज्ञ या अळ्यांचा शोध घेतात. आरेच्या टेकड्यांत उगम पावणारी ओशिवरा नदी गोरेगावच्या वस्तीतून वाहते, तेव्हा तिच्यात सांडपाणी व केरकचरा मिसळतो. अशा पाण्यात हा चिमुकला गवंडी कसा राहणार? ओढा निर्मळ राखणे म्हणजे त्याचे घर राखणे होय. आणि जे पाणी त्याला मानवते, त्यातच माणसाचेही हित आहे.

स्वाध्याय
१. अळी घर कशाचे व कसे बांधते?
२. कोशातून बाहेर येणाऱ्या कीटकाचे वर्णन करा.
३. ओढ्यातील अळ्यांवरून पाण्याची परीक्षा कशी होते?