एडन : एका निर्जल किनाऱ्यावरील नगराचा परिचय

विद्यार्थिमित्रहो, कर्जत-खालापूरच्या मुलांस पावसाविषयी काही सांगावयाचे म्हणजे कोळ्याच्या पोरास पोहणे शिकविण्यासारखे होय. आषाढात उल्हास नदी दुथडी भरून वाहू लागली आणि माथेरानचा डोंगर ढगांत दडला, की आपणांस आकाशाचा निळा रंगही आठवावा लागतो. म्हणूनच यंदा आम्ही तुम्हांस अशा एका नगराची ओळख करून देण्याचे योजिले आहे, की जेथील वर्षभराचा सारा पाऊस आपल्याकडील एका दुपारच्या सरीत सहज मावेल. त्या नगराचे नाव एडन.

हे नगर दूरचे खरे, परंतु परके नव्हे. नव्वदांहून अधिक वर्षे तेथील कारभार मुंबईहून चालत असे. आपल्या जिल्ह्यातील एका थोर पुरुषाने तेथेच देह ठेविला. आणि तेथे प्रज्वलित झालेला एक पवित्र अग्नी आज आपल्या बोरघाटाच्या माथ्यावर आहे. या सर्व गोष्टी क्रमाने पाहू.

स्थान व भूमी

नकाशावर मुंबईपासून पश्चिमेकडे, किंचित दक्षिणेस कलून, अरबी समुद्र ओलांडून जावे. सुमारे ३,००० किलोमीटर गेल्यावर अरबस्तानाचा नैर्ऋत्य कोपरा लागतो. तेथे, तांबड्या समुद्राच्या दारापासून थोड्याच अंतरावर, एडन वसले आहे. आज ते येमेन देशात मोडते. एका मृत ज्वालामुखीच्या पोटात हे गाव वसलेले असून, त्याच्या जुन्या वस्तीस इंग्रजांनी ‘क्रेटर’, म्हणजे ज्वालामुखीचे मुख, असेच नाव दिले. सभोवार काळेकरडे, ओबडधोबड कडे उभे आहेत. त्यांपैकी शमसान हे शिखर सुमारे ५५० मीटर उंच आहे. मुख्य भूमीशी हा डोंगर केवळ एका सखल, रेताड पट्टीने जोडलेला आहे. समोर सिरा नावाचे लहानसे बेट असून त्यावर जुना किल्ला आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात धरावी. आपला सह्याद्रीही अग्निजन्य खडकाचाच आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून वाहिलेल्या लाव्हारसाच्या थरांचा तो बनला. म्हणजे एडनचा डोंगर आणि आपला डोंगर यांची जात एक. मग एक हिरवागार आणि दुसरा उघडाबोडका, असे का? याचे उत्तर हवामानात आहे.

हवामान

एडनला थंडी अशी नाहीच. पौष-माघातही दुपारी पारा २८ अंशांच्या आसपास असतो; ज्येष्ठात तो ३७ अंशांपर्यंत चढतो, आणि रात्रीही २९ अंशांखाली क्वचितच उतरतो. समुद्र जवळ असल्यामुळे हवा दमट असते; अंगाला घामाच्या धारा लागतात, पण आकाशातून धार लागत नाही. वर्षाकाठी सरासरी पाऊस दोन इंचांहूनही कमी, म्हणजे ५० मिलिमीटरच्या आत पडतो. आपल्या कर्जतेस तो १२० इंचांहून, म्हणजे ३,००० मिलिमीटरहून अधिक पडतो, आणि माथेरानास तर सुमारे ५,००० मिलिमीटर. कर्जतच्या एका पावसाळ्यात एडनचे साठ पावसाळे बसतात.

यातील नवल असे, की दोन्हीकडे वाहणारा वारा एकाच कुळीचा, नैर्ऋत्य मोसमी वारा होय. उन्हाळ्याच्या अखेरीस विषुववृत्त ओलांडून तो आफ्रिकेच्या किनाऱ्यालगत वर चढतो आणि मग वळून अरबी समुद्रावरून आपल्याकडे येतो. हजारो मैलांच्या प्रवासात तो समुद्राचे बाष्प पिऊन जड होतो. सह्याद्री आडवा येताच त्यास वर चढावे लागते. वर चढता चढता तो थंड होतो आणि पावसाच्या रूपाने भार टाकतो. एडनला पोचणारा वारा मात्र आफ्रिकेच्या उंच भूमीवरून खाली उतरत येतो. उतरणारी हवा तापते, आणि तापलेली हवा आपले बाष्प सोडीत नाही. लोणावळ्यास धो धो पाऊस पडत असता घाटापलीकडे पुण्यास तो इतका थोडा का, हे ज्यास उमगले त्यास एडनही उमगले. तात्पर्य, पाऊस कोणाच्या पुण्याईने पडतो असे नव्हे. डोंगर कोठे उभा आहे आणि वारा कोणत्या दिशेने येतो, यावर त्याची कृपा अवलंबून असते.

तविलाची टाकी

अशा ठिकाणी मनुष्य राहिला तरी कसा? याचे उत्तर क्रेटरच्या पाठीमागील तविला नावाच्या अरुंद घळीत पाहावयास मिळते. तेथे प्राचीन लोकांनी डोंगराच्या खडकातच एकाखाली एक अशी पाण्याची टाकी खोदली व बांधली आणि त्यांस आतून कठीण गिलावा केला. वर्षातून एकदा, कधी दोन-तीन वर्षांतून एकदा, मोठी सर आली म्हणजे उघड्या कड्यांवरून पाणी लोंढ्याने खाली येई. ते वरच्या टाक्यात शिरे, ते भरले की खालच्यात, असे करीत गावापर्यंत पोचे. यामुळे दोन कामे साधत : पाणी साठे, आणि लोंढ्यापासून गावाचे रक्षणही होई.

काळाच्या ओघात ही टाकी दगडमातीने बुजून गेली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास प्लेफेअर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने ती उकरून दुरुस्त करविली; त्याने लिहिलेला येमेनचा इतिहास १८५९ साली मुंबईसच छापला गेला. आज त्यांपैकी तेरा टाकी शिल्लक असून त्या सर्वांत मिळून सुमारे साडेआठ कोटी लिटर पाणी मावते असे सांगतात. जेथे दोन इंच पाऊस, तेथे ही तजवीज!

पूर्वेतिहास

एडनचे नशीब त्याच्या जमिनीत नव्हते, त्याच्या बंदरात होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने अरबी समुद्रातील बंदरांचा वृत्तान्त लिहून ठेविला आहे. त्यात एडनचे वर्णन आहे, आणि त्याच ग्रंथात आपल्या कल्याण, सोपारे व चौल या बंदरांचीही नावे आहेत. चौदाव्या शतकात इब्न बतूता हा प्रवासी एडनला गेला. तेथे शेत नाही, झाड नाही, पाऊस टाक्यांत साठवितात, असे त्याने नमूद केले. आणि तेथे येणाऱ्या हिंदी गलबतांच्या बंदरांत ठाण्याचेही नाव घेतले. १५१३ साली पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्क याने या नगरावर हल्ला केला तो फसला. १५३८ साली तुर्कांनी ते घेतले. पुढे त्याचे वैभव ओसरले व ते एक लहानसे खेडे होऊन राहिले.

१९ जानेवारी १८३९ रोजी मुंबईहून आलेल्या फौजेच्या साहाय्याने कॅप्टन हेन्स याने एडन काबीज केले. आगबोटींना कोळसा घेण्यासाठी इंग्रजांस मुंबई व सुएझ यांच्या दरम्यान ठाणे हवे होते. तेव्हापासून १९३२ पर्यंत एडनचा कारभार मुंबई सरकारकडे होता. तेथे रुपया चाले, आणि मुंबई लष्कराच्या पलटणी पाळीपाळीने तेथे राहत. ज्या हेन्सने पंधरा वर्षे खपून हे गाव उभारले, त्याच्या हिशेबात तूट निघाली. अफरातफरीच्या आरोपातून तो निर्दोष सुटला, तरी त्या रकमेपायी त्यास मुंबईत सहा वर्षे कर्जदारांच्या तुरुंगात काढावी लागली. १८६० साली सुटका झाल्यावर थोड्याच दिवसांत, मुंबई बंदरातील जहाजावरच त्याचा अंत झाला.

याहूनही आपल्या अंतःकरणास भिडणारी हकीकत दुसरी आहे. पनवेल तालुक्यातील शिरढोण येथे, कर्नाळ्याच्या डोंगराजवळ, ४ नोव्हेंबर १८४५ रोजी वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म झाला. दुष्काळाने गांजलेल्या रयतेचे हाल पाहून त्यांनी इंग्रज सत्तेविरुद्ध बंड उभारले. १८७९ साली ते पकडले गेले; जन्मठेप काळ्या पाण्याची झाली, आणि त्यांस एडनच्या तुरुंगात ठेविले. तेथूनही ते एकदा निसटले. परंतु एका बाजूस समुद्र आणि दुसऱ्या बाजूस निर्जल वाळवंट, पळणाऱ्याने जावे कोठे? ते पुन्हा सापडले, आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तेथेच त्यांचे देहावसान झाले. कर्नाळ्याच्या हिरव्या रानाशेजारी वाढलेल्या त्या पुरुषाची अखेरची वर्षे या करपलेल्या कड्यांच्या कोंडाळ्यात गेली, हे शिरढोणच्या रस्त्याने जाताना आठवावे.

लोक व व्यापार

१८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला आणि एडनचे भाग्य पालटले. युरोपास जाणारी-येणारी प्रत्येक आगबोट तेथे थांबू लागली. अरब, सोमाली, यहुदी, गुजराती वाणी, बोहरी, पारशी असे नाना जातींचे लोक तेथे एकत्र नांदू लागले. कावसजी दिनशा या पारशी व्यापाऱ्याची पेढी तेथे भरभराटीस आली. १८८३ साली तेथे अग्यारी झाली. १९६७ साली इंग्रज गेले, पारशी कुटुंबेही पांगली. तेव्हा तेथील अग्नी १९७६ साली एअर इंडियाच्या विमानातून भारतात आणून लोणावळ्याच्या अग्यारीत स्थापिला गेला.

१९४८ च्या सुमारास धीरूभाई अंबानी नावाचा सोळा वर्षांचा गुजराती मुलगा नोकरीसाठी एडनला गेला आणि तेथे व्यापार शिकला. पुढे त्याच्याच कंपनीचा सुताचा कारखाना १९८२ साली आपल्या खालापूर तालुक्यात, पाताळगंगेच्या काठी सुरू झाला. जग किती लहान आहे पाहा!

परंतु केवळ वाटेवर विसंबणाऱ्या गावास वाट बंद झाली की दुसरा आधार राहत नाही. १९६७ पासून १९७५ पर्यंत सुएझचा कालवा बंद राहिला आणि एडनचे बंदर ओस पडले. पुढे यादवी युद्धे झाली. २०१५ च्या युद्धात आपल्या नौदलाच्या ‘सुमित्रा’ व ‘मुंबई’ या नौकांनी तेथे अडकलेल्या आपल्या बांधवांस सुखरूप बाहेर काढले.

आपण काय घ्यावे?

एवढे वाचून कोणी म्हणेल, ‘आपण भाग्यवान, आपणांस पाण्याची काय वाण?’ पाण्याची वाण नाही हे खरे. तरी चैत्र-वैशाखात आपल्याच डोंगरउतारावरील ठाकूर व कातकरी वाड्यांतून पाण्यासाठी कोस-कोस जावे लागते. आपल्या काही विद्यार्थिनींचा सकाळचा पहिला तास त्या हंड्यापायी बुडतो, हे आम्ही हजेरीपटावर दरसाल पाहतो. एडनमध्ये तहान असे ती आकाशाने दिलेली. आपली तहान ही आपण वाहून जाऊ दिलेल्या पाण्याची आहे.

एक सोपे गणित करा. दहा मीटर लांब व पाच मीटर रुंद छपरावर ३,००० मिलिमीटर पाऊस पडला तर किती पाणी होईल? दीड लाख लिटर. त्यातील तिसरा हिस्सा वाया गेला तरी लाख लिटर उरते. एडनमध्ये त्याच छपरावर अडीच हजार लिटरही मिळणार नाही.

पाणी अडविण्याची विद्या आपणांस नवी नाही. कर्जत तालुक्यातील पेठच्या किल्ल्यावर, म्हणजे कोथळीगडावर, खडकात खोदलेली टाकी आहेत. घाटमाथ्यावरील तलावांचे पाणी खाली आणून टाटांनी १९१५ साली खोपोलीस व १९२२ साली भिवपुरीस वीज निर्माण केली. तेच पाणी पुढे पाताळगंगेत व उल्हासेत सुटते, म्हणून त्या नद्या उन्हाळ्यातही वाहतात. खालापुरातील मोरबे धरण नव्या मुंबईची तहान भागविते. शहरासाठी जे साधते, ते वाडीसाठी का साधू नये? आणि जपावे लागते ते केवळ पाणी नव्हे, डोंगरही. १९ जुलै २०२३ च्या रात्री मुसळधार पावसात इर्शाळवाडीवर कडा कोसळला. तविलाची टाकी खोदणारांस लोंढ्याचे भय ठाऊक होते. ते आपणही विसरता कामा नये.

पालकांस आमची एवढीच विनंती आहे, की कार्तिकात ओढ्याचे पाणी आटण्यापूर्वी त्यावर दगड-मातीच्या पिशव्यांचा बंधारा घालण्यास मुलांबरोबर एक दिवस द्यावा. छपराच्या पन्हळीखाली एखादे टाके करावे. गावची विहीर उपसून स्वच्छ ठेवावी. मुलांनी नकाशावर एडन शोधावे, आणि मग आपल्या वाडीची विहीर कोणत्या महिन्यात आटते हे वहीत टिपून ठेवावे. पुढील वर्षी ती नोंद वर्गात वाचून दाखविली, आणि आटण्याचा महिना एकाने जरी पुढे गेला, तरी भूगोलाचा हा धडा तुम्ही पुरता शिकलात असे आम्ही समजू.