बटाट्याची पिशवी आणि मायक्रोवेव्ह ओव्हन

श्रावणी सोमवारी उज्जैनीत महाकालाची सवारी निघते आणि आपल्या घरांतून उपवासाचे बटाटे हमखास शिजतात. माळव्यात बटाटा मुबलक. त्यातून अनेक स्वयंपाकघरांत आता मायक्रोवेव्ह ओव्हनही आला आहे. तेव्हा त्यात बटाटे शिजविण्याची घरी शिवलेली कापडी पिशवी आपल्या भगिनींच्या शिवणकामात शिरावी, यात नवल नाही. दोन पदर सुती कापड, मध्ये कापसाचा थर, तोंडावर घडी. बटाटे मऊ होतात, हे मान्य करावयास हवे. परंतु तीच पिशवी पेटूही शकते.

या ओव्हनमधील लहरींची वारंवारता साधारणतः २४५० मेगाहर्ट्झ असते व त्यांनी प्रामुख्याने पाण्याचे रेणू तापतात. बटाट्यात सुमारे ८० टक्के पाणी. त्याची वाफ पिशवीत कोंडते आणि बटाटा त्या वाफेवर शिजतो. ओलावा शिल्लक आहे तोवर तापमान शंभर अंशांच्या फारसे वर जात नाही. ओलावा संपला की हा लगाम सुटतो. बटाटा आतून करपू लागतो व त्याला चिकटलेले कापड धुमसू लागते. म्हणून चार बटाट्यांची वेळ लावून एकच लहान बटाटा ठेवणे सर्वांत घातक.

कापडाची निवड हा दुसरा प्रश्न. माहेश्वरी वा चंदेरी साडीचा उरलेला काठ टाकवत नाही, हे मी जाणतो. पण जरीतील धातूमुळे ओव्हनमध्ये ठिणग्या उडतात. भैरवगडच्या बाटिक छपाईत मेण वापरतात. ते कापडातून पूर्णपणे निघालेले असेलच, असे नाही. भेट म्हणून आलेली अशी एक पिशवी मी उसवून पाहिली. बाहेरून शुद्ध सुती, आत मात्र उशीत भरतात तसला पॉलिएस्टरचा थर व पॉलिएस्टरचाच दोरा! परीक्षा सोपी आहे. एक धागा चिमट्यात धरून ज्योतीजवळ न्यावा. सुती धागा जळक्या कागदाचा वास देतो व त्याची राख होते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी बनतो. पॉलिएस्टर सुमारे २५० ते २६० अंशांवर वितळते, आणि वितळलेला थेंब त्वचेला चिकटून राहतो.

बालरोगतज्ज्ञाला आगीइतकीच वाफेची धास्ती वाटते. एक ग्रॅम वाफेचे त्वचेवर पाणी होताना सुमारे ५४० कॅलरी उष्णता बाहेर पडते. पिशवी वरून कोमट लागते. मुलाने तोंडाजवळ धरून ती उघडली की वाफेचा झोत थेट चेहऱ्यावर. बालकाची त्वचा पातळ असल्याने भाजणे खोलवर जाते.

याच पिशवीची धाकटी बहीण म्हणजे गहू, तांदूळ वा ओवा भरलेली शेकाची पुरचुंडी. तव्यावर गरम करून आजी ती आधी स्वतःच्या गालाला लावून पाहत असे. मायक्रोवेव्हमध्ये तापविलेल्या पुरचुंडीला हा न्याय लागू पडत नाही, कारण ती असमान तापते. वर कोमट, आत निखारा. धान्य वारंवार तापवून कोरडे पडले की आतून धुमसते, आणि गरम पुरचुंडी पांघरुणात गुंडाळली तर उष्णतेला बाहेर पडायला वाट राहत नाही. ब्रिटनमध्ये अशा शेकपिशव्यांसाठी २००४ मध्ये स्वतंत्र सुरक्षा मानक, बीएस ८४३३, आले. अंग बाजूला घेता न येणाऱ्या तान्ह्या बाळाला अशा पुरचुंडीचा शेक देऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

बटाट्यापुरते बोलायचे तर पिशवीची गरजच नाही. सालीला काट्याने टोचे मारावेत, झाकणाच्या काचेच्या भांड्यात चमचाभर पाण्यासह ठेवावेत, झाकण किंचित सैल असू द्यावे. आमच्या घरी तर कुकरच चालतो!

तरीही ओव्हनमध्ये ज्वाळा दिसलीच तर दार उघडू नये. बाहेरची हवा आत गेली की आग भडकते. बटण बंद करावे, भिंतीवरील स्विचही बंद करावा, ज्वाळा आपोआप विझू द्यावी. न विझल्यास सर्वांनी बाहेर पडून १०१ किंवा ११२ वर कळवावे. कोणी भाजल्यास तो भाग वीस मिनिटे वाहत्या थंड पाण्याखाली धरावा. लहान बाळाचे उरलेले अंग मात्र उबदार ठेवावे. बर्फ, टूथपेस्ट, शाई यांपैकी काहीही लावू नये. अंगठी, बांगडी, काळा गोफ सूज येण्यापूर्वी काढावा. कातडीला चिकटलेले कापड ओढू नये. चेहरा, हात वा गुप्तांग भाजले असेल, तर फोड लहान दिसला तरी मुलाला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.