घरची पेटी, घरचा पुरावा



गटाच्या पंचसूत्रीत आपण शिकलो की लेखे अद्ययावत ठेवायचे. गटाचं रजिस्टर आपण जिवापाड जपतो. पण घरचे कागद? काही डब्यात, काही गादीखाली, काही चुलीच्या धुरात काळे झालेले. या महिन्याचा धडा घरच्या कागदांचा.

कोणता कागद कशाला लागतो?

वनहक्क कायदा २००६ चा. आदिवासी कुटुंबाची जमिनीवर १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून वहिवाट असावी लागते. त्यासाठी एकाहून जास्त पुरावे बघतात: जुनं रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, घरपट्टीची पावती, गावातल्या म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाब. अतिक्रमण केलं म्हणून सासऱ्यांना दंड झाला असेल, तर ती पावती फाडू नका. तेव्हाची शिक्षा आज वहिवाटीचा पुरावा ठरू शकते. आणि लक्षात ठेवा, लग्न झालेल्यांना मिळणारा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने असतो. आपलं नाव त्यात आहे ना, वाचून घ्या.

लेकरांच्या जात पडताळणीला आजोबा-पणजोबांची शाळेची नोंद किंवा जन्म-मृत्यूची नोंद कामी येते. ६ सप्टेंबर १९५० च्या आधीची असेल तर फारच भक्कम.

जुन्या कागदावर धुळे जिल्हा दिसला तर 'चुकीचा आहे' म्हणून टाकू नका. आपला नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला. त्याहून जुन्या कागदावर पश्चिम खानदेश असतं. सरदार सरोवरात गाव बुडालं, त्या कुटुंबांनी तर जुन्या गावाचा प्रत्येक कागद आणि फोटो जपावा. गाव आता तेवढ्यातच उरलंय.

कसं जपायचं?

१. टाचणी, पिना काढा. त्या गंजतात, कागद खातात.
२. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नका. जुन्या मूळ कागदाचं लॅमिनेशन करू नका, ते परत निघत नाही.
३. पावसाळ्याआधी कागद सावलीत वाळवा, उन्हात नको.
४. सुती कापडात गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवा. वाळलेला कडुनिंबाचा पाला वेगळ्या पुरचुंडीत बांधून आत टाका.
५. पेटी जमिनीवर नको. विटांवर किंवा फळीवर, भिंतीपासून लांब. वाळवी खालूनच येते.
६. प्रत्येक कागदाचा मोबाईलवर फोटो काढा. कुणी मागितलं तर झेरॉक्स द्या, मूळ प्रत देऊ नका. द्यावीच लागली तर पोच घ्या.

फोटो आणि दागिने

फोटोच्या मागे पेन्सिलीने हलक्या हाताने लिहा: कोण, कुठलं गाव, साधारण कधी. सासूबाई आहेत तोवर विचारून घ्या. त्या गेल्यावर कोण सांगणार? आजीचे चांदीचे दागिने असतील तर त्यांचा फोटो काढा, वजन लिहा. गहाण ठेवले असतील तर सावकाराची पावती त्याच पेटीत.

पुढच्या बैठकीपर्यंत

एका वहीत यादी करा: कागदाचं नाव, कुणाच्या नावावर, कुठे ठेवलाय. पेटीची किल्ली कुठे असते ते घरातल्या दोघांना माहीत पाहिजे, त्यातली एक तुम्ही. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकीला जवळ बसवा. लिहिता लिहिता तिलाही घराण्याची माहिती होईल.

वही बैठकीत आणा. ज्या ताईचा कागद हरवलाय, तिची नक्कल तलाठी किंवा तहसील कार्यालयातून काढायला आपण मिळून जाऊ.