बंदीच्या दिवसांत जेटीवर डास कोण पाळतं?



१ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस आपल्या गोव्यात ट्रॉलर बांधलेले. मासेमारी बंद, डासांचा सीझन चालू.

डेंग्यूचा डास गटारात नाही, साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. लांब उडतही नाही, फार तर काहीशे मीटर. म्हणजे जेटीवर चावतो तो जेटीवरच जन्मलेला असतो. ताडपत्रीचा खोलगा, उघडे क्रेट, पाण्याची पिंपं आणि सगळ्यात वाईट म्हणजे बोटीच्या कडेचे जुने टायर.

मादी अंडी घालते ती पाण्याच्या कडेला, आतल्या बाजूला चिकटवून. पाणी ओतून टाकलं तरी अंडी तिथेच राहतात. सुकी अंडी कित्येक महिने टिकतात, पाणी मिळालं की फुटतात आणि आठ-दहा दिवसांत डास तयार. म्हणून पिंप नुसतं ओतू नका, आठवड्यातून एकदा आतून घासा. टायर घासणं कठीण, त्याला खालच्या बाजूला भोक पाडा.

फॉगिंगची गाडी कधी येणार म्हणून सगळे विचारतात. धुराने उडते डास मरतात, अळ्या आणि अंडी नाही. त्यात गाडी आली की आपण दारं-खिडक्या लावून घेतो, आणि हा डास तर घरातच कपड्यांमागे, खाटेखाली बसलेला! चावतोही दिवसा. शेडमध्ये जाळी शिवायला बसणाऱ्यांनी फुल पँट घालावी.

मलेरियाचं वेगळं. त्याचा डास रात्री चावतो. गावाहून परतलेल्या खलाशाला ताप आला तर लगेच रक्त तपासा, सरकारी आरोग्य केंद्रात फुकट होतं. मलेरियाच्या एका प्रकारात १४ दिवस गोळ्या असतात. तिसऱ्या दिवशी ताप उतरतो, बोट सुटायची असते, गोळ्या राहून जातात. जंतू यकृतात लपून राहतो, काही आठवड्यांनी पुन्हा ताप. तोवर डासामार्फत दुसऱ्यालाही लागण होऊ शकते.

मालकांना स्पष्टच सांगतो, आजारी खलाशाचा पगार कापला तर पुढच्या वेळी तो ताप लपवणार. मग बोटीवर सगळ्यांनाच धोका.

ताप आला तर ब्रुफेन, अ‍ॅस्पिरिन मनाने घेऊ नका, डेंग्यूत रक्तस्राव वाढतो.

टायरला भोकं पाडायला ड्रिल मशीन सोसायटीच्या शेडमध्ये ठेवली आहे. वहीत नाव लिहून न्यावी, संध्याकाळपर्यंत परत आणावी.

— सचिव