साखर ओळखणारे इन्सुलिन

प्रश्न : माझ्या मुलीस रोज चार वेळा इन्सुलिन टोचावे लागते. रक्तातील साखर ओळखून आपोआप औषध सोडणारे सूक्ष्मकण निघाले आहेत, असे ऐकतो. ते केव्हा मिळतील? (एक वाचक, सातारा)

उत्तर : आपली अधीरता सर्वस्वी रास्त आहे. शर्करेच्या प्रमाणानुसार सुटणाऱ्या इन्सुलिनची कल्पना ब्राउनली व सेरामी या न्यूयॉर्कमधील संशोधकांनी १९७९ सालीच मांडली होती. पुढे २०१५ साली नॉर्थ कॅरोलिनात सूक्ष्म सुयांची एक पट्टी सिद्ध झाली, जिच्यातील नॅनोपुटिकांत इन्सुलिनसोबत ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर असते, आणि साखर वाढली म्हणजे हे विकर तिचे ऑक्सिडीकरण करताना भोवतीचा प्राणवायू इतक्या वेगाने खर्च करते की, त्या टंचाईनेच पुटिकांचे आवरण विघटित होऊन आतील ऐवज बाहेर पडतो. ही युक्ती मला विलक्षण सुंदर वाटते. परंतु तो प्रयोग उंदरांवरील होता. मनुष्यदेहात साखर उतरताच औषधाचा ओघही तितक्याच तत्परतेने थांबला पाहिजे, ही खरी कसोटी. कारण इन्सुलिनचा अतिरेक प्राणावर बेतू शकतो. असे औषध तूर्त बाजारात नाही, आणि त्या नावाने कोणी काही विकू लागल्यास ते मुळीच घेऊ नये. सेन्सर जोडलेला इन्सुलिन पंप मात्र आज उपलब्ध आहे. त्याविषयी मुलीच्या डॉक्टरांशी अवश्य विचारविनिमय करावा, आणि तोवर त्यांच्या सल्ल्यावाचून एकही मात्रा चुकवू नये.