आधी एकाबरोबर वाजव

अलिबाग

चि. मुक्ता,


सात जणांचा बँड जमवलास, त्याला नावही ठेवलंस आणि आता पावसाळ्याआधी अल्बम काढायचा म्हणतेस. तुझ्या आईला धास्ती आहे पैशांची. मला काळजी वेगळीच आहे. तू पाठवलेल्या रेकॉर्डिंगमध्ये सातही जण एकदम बोलत सुटले आहेत, आणि तुझा ट्रम्पेट तर श्वास घेण्यापुरताच काय तो थांबतो. कोण कोणाचं ऐकतंय, काही कळत नाही.

ट्रम्पेट म्हटलं की तुला माइल्स डेव्हिस आठवतो. आठवू दे. पण सध्या तू एका हयात म्हाताऱ्याकडे बघावंस असं मला वाटतं. वडाडा लिओ स्मिथ, जन्म १९४१ चा, मिसिसिपीतल्या लेलंड गावचा. सावत्र वडील ब्लूज गिटारवाले. लष्करी बँडात वाजवून झाल्यावर १९६७ मध्ये तो शिकागोच्या 'एएसीएम' या कृष्णवर्णीय संगीतकारांच्या संस्थेत शिरला. पुढे कॅलिफोर्नियात वीसेक वर्षं शिकवलं. ऐंशीच्या उंबरठ्यावर लोक आवराआवर करतात. याने टम या फिनलंडच्या कंपनीकडून एकामागून एक जाडजूड संच काढले. 'ट्रम्पेट' तीन सीडींचा, त्यात फिनलंडमधल्या एका जुन्या दगडी चर्चमध्ये तो एकटाच वाजवतो. 'द शिकागो सिंफनीज' चार सीडींचा. नाव सिंफनी, वाजवणारे मात्र चौघे!

तुझ्या उपयोगाचा संच म्हणजे २०२२ चा 'द एमराल्ड ड्युएट्स'. पाच सीडी, चार ड्रमर, पण समोर एका वेळी एकच. ट्रम्पेटच्या सुराखाली कॉर्ड धरायला कुणी नसलं की सूर जरा हलला तरी उघडा पडतो. हान बेनिंक हा डच ड्रमर मुलखाचा खोडकर. अँड्र्यू सिरिल मोजकंच बोलणारा. स्मिथचा तो भरदार, थोडा खरखरीत सूर दोघांसमोर तोच असतो. बदलतं ते इतकंच, की तो कधी शिरतो आणि कधी गप्प बसतो. जॅक डीजॉनेटला या संचात दोन सीडी मिळाल्या आहेत. तो २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये गेला. पाचही सीडी एका बैठकीत ऐकू नकोस, कंटाळशील. मीसुद्धा कंटाळलो. आठवड्याला एक पुरे.

गप्प बसणं ही स्मिथची लहर नव्हे. १९७३ मध्येच त्याने एका छोट्या पुस्तिकेत मांडून ठेवलंय की सुराला जसं माप असतं, तसं त्यामागून येणाऱ्या शांततेलाही द्यायचं. रियाजात करून बघ. एक लांब सूर धर, मग तेवढाच वेळ काही वाजवू नकोस. ओठांनाही विसावा मिळेल. जितकं वाजवाल तितकं थांबा, हे ट्रम्पेटचे मास्तर सांगतच आले आहेत. तू ते फक्त ओठांसाठी पाळतेस.

आता आमच्या शेजारची गोष्ट. नसरीन मोहमदी ही पेन-पेन्सिलीने रेषा काढणारी चित्रकार बडोद्याला शिकवायची, आणि १९९० मध्ये गेली ती इथे किहीमला. न्यू यॉर्कच्या मेट्रोपोलिटन म्युझियमने २०१६ मध्ये तिचं मोठं प्रदर्शन भरवलं, त्या निमित्ताने स्मिथ आणि पियानोवादक विजय अय्यर यांनी तिच्यासाठी सात भागांची रचना केली. 'ए कॉस्मिक रिदम विथ ईच स्ट्रोक' हे अल्बमचं नावही तिच्या डायरीतल्या शब्दांवरून घेतलेलं. तिच्या कागदावर रेष थोडी आणि मोकळी जागा फार. दोघांनी ती जागा भरायचा मोह टाळला आहे. पण हे एका दिवसात जमलेलं नाही. त्याआधी अय्यर कित्येक वर्षं स्मिथच्या गोल्डन क्वार्टेटमध्ये होता. दोघांचा पुढचा अल्बम, 'डिफायंट लाइफ', आला २०२५ मध्ये. पियानोवादक अमिना क्लॉडीन मायर्सशी तर स्मिथची ओळख शिकागोच्या दिवसांपासूनची, आणि त्या दोघांनी मिळून न्यू यॉर्कच्या सेंट्रल पार्कवर केलेला अल्बम आला २०२४ मध्ये.

स्मिथची नक्कल मात्र करू नकोस. तसा सूर तुझ्या ओठांतून निघायचा नाही आणि निघायची गरजही नाही. त्याच्याकडून जोडीदार निवडायला शीक. तुझ्या बँडातला तो ड्रमर मुलगा, ज्याच्याविषयी 'फार हळू वाजवतो' अशी तक्रार केली आहेस, मला त्या सातांत तोच ऐकणारा वाटला. बाकीच्यांना चार-सहा महिने सुट्टी दे. न दुखावता सांग, मैत्री तुटता कामा नये. पावसाळाभर त्या एकाबरोबर वाजव, रोज तासभर, रेकॉर्डर बंद ठेवून. स्टुडिओचे पैसे तोवर बँकेत राहू देत. आईला तसं मी कळवतो.

तुझा,
मामा