औषधी परसबाग आणि तिचे वाटेकरी

दवाखान्यामागे दोन-तीन गुंठे मोकळी जागा असलेला वैद्य एकदा तरी तेथे औषधी वनस्पतींची बाग करतोच. वाफे आखले जातात, प्रत्येक रोपापुढे मराठी, संस्कृत व लॅटिन नावांची पाटी लागते, आणि पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात पाने कुरतडलेली दिसली की फवारणीचा पंप बाहेर निघतो. प्रस्तुत लेखकानेही हेच केले. २०१४ च्या श्रावणात बिल्वाच्या कोवळ्या फांद्या अळ्यांनी बोडक्या केल्या म्हणून मी त्यांवर क्लोरपायरिफॉस मारून घेतले. तिसऱ्या दिवशी एक प्रमेही रुग्ण नेहमीप्रमाणे स्वरसासाठी बिल्वपत्रे नेण्यास आला. माझ्याच दारातील, मीच लावलेल्या झाडाचे पान मला त्यास देता आले नाही. कारण सांगण्याचेही धाडस झाले नाही. पाने निबर झाली आहेत, असे काहीतरी सांगून वेळ मारून नेली.

त्या अळ्या लाइम बटरफ्लाय नावाच्या फुलपाखराच्या होत्या, हे पुढे कळले. लहानपणी ही अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवी होते, आणि दोन-तीन आठवड्यांत खाणे संपवून कोशात जाते. बिल्व, लिंबू, कढीपत्ता ही एकाच कुळातील झाडे. या अळीचा उदरनिर्वाह त्यांवरच. जोम धरलेल्या झाडाला नंतर नवी पालवी फुटते. मी फवारले नसते तरी आश्विनापर्यंत माझा बिल्व पुन्हा भरला असता.

येथे शास्त्राचा आक्षेप उभा राहतो व तो टाळून चालणार नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील भूमिप्रविभागीय अध्यायात ग्राह्य औषधी कशी असावी हे सांगताना ती कृमींनी उपहत नसावी, असे स्पष्ट म्हटले आहे. मग अळ्यांना मुभा देणारी बाग वैद्याची कशी म्हणावी? परंतु त्याच ठिकाणी, कृमीच्या लगतच, विषाचाही निर्देश आहे. कृमी घालविण्यासाठी विष शिंपडल्याने द्रव्य निर्दोष होत नाही. एक दोष जाऊन दुसरा येतो. खाल्लेले पान डोळ्यांना दिसते व बाजूला काढता येते. फवारलेले पान डोळ्यांना निरोगीच दिसते. शिवाय हा नियम संग्रहाचा आहे, लागवडीचा नव्हे. संग्रहाच्या वेळी निर्दोष फांदी निवडावी, एवढाच त्याचा अर्थ मी घेतो.

चरकाने कल्पस्थानात सांगितलेले संग्रहकाल पाहिले तर हा संघर्ष आणखी सौम्य होतो. मुळे ग्रीष्मात किंवा शिशिरात, त्वचा, कंद व क्षीर शरदात घ्यावे, असा तेथील क्रम आहे. अनंतमूळाच्या वेलीवर कॉमन क्रो हे तपकिरी-काळे फुलपाखरू अंडी घालते. पावसाळ्यात त्याची अळी पाने खाते. आपण मूळ काढतो ते पुढे शिशिरात. दोघांची वेळही वेगळी आणि अंगही वेगळे. तंटा राहतो तो फक्त पत्र वापरावयाच्या द्रव्यांबाबत. त्यासाठी बिल्व, अडुळसा यांची दोन-दोन झाडे लावावीत. एका झाडावर आपला हक्क सांगावा, त्यावरील अळ्या हाताने उचलून दुसऱ्यावर सोडाव्यात. फवारणीपेक्षा यास वेळ कमी लागतो, हे अनुभवाने सांगतो.

देशी वनस्पतींचा आग्रह याच कारणाने. मधुरस प्यायला फुलपाखरू कोणत्याही फुलावर बसेल, पण अंडी घालताना मादी पानावर पुढचे पाय आपटून त्याची रासायनिक चव घेते व ठरावीक वनस्पतीच निवडते. रुईवर प्लेन टायगर, चित्रकाच्या कळ्यांवर झेब्रा ब्लू, टाकळ्यावर छोटी पिवळी फुलपाखरे, बाहव्यावर कॉमन इमिग्रंट, बोरीवर कॉमन पियरो. मादागास्करची सदाफुली किंवा अलीकडे घरोघर आलेले अमेरिकेतील ‘इन्सुलिनचे झाड’ लावल्याने या यादीत फारशी भर पडत नाही. घाणेरी तर फुलपाखरांच्या नावाखालीही लावू नये. तिने आपली कितीतरी राने आधीच गिळली आहेत.

येथे एक सावधगिरी. अळी बसली म्हणजे द्रव्याची ओळख पटली, असे समजू नये. कॉमन क्रो अनंतमूळावर बसते, तसेच कण्हेरीवर व वडावरही बसते. उलट, रोपवाटिकेतून ‘अशोक’ म्हणून आणलेल्या झाडावर टेल्ड जेच्या अळ्या दिसू लागल्या, तर ते झाड अशोकारिष्टातील अशोक नसून उंच वाढणारा खोटा अशोक असण्याची शक्यता मोठी. या खोट्या अशोकाच्या सालीची भेसळ फार्मसीचालकांना नवी नाही.

मांडणीचे थोडक्यात सांगतो. कुंपणाला अडुळसा व निर्गुडी. अडुळशास गुरे तोंड लावत नाहीत, आणि दोहोंच्या फुलांवर मधमाश्या येतात. मध्ये बिल्व, जागा असल्यास बाहवा. उंबर पक्ष्यांसाठी उत्तम, तांबट व बुलबुल फळांवर तुटून पडतात. मात्र तीन गुंठ्यांत भिंतीजवळ तो लावणे म्हणजे पुढे कुऱ्हाडीची सोय करणे होय. शतावरी कोपऱ्यात काठीवर चढवावी. ओलसर जागी वेखंड, त्याशेजारी पाण्याचे उथळ पात्र. डेंग्यूच्या डासांची अंडी-अळी अवस्था आठवड्याभरात पुरी होते, म्हणून पाणी तिसऱ्या दिवशी बदलावे. पालापाचोळा जाळू नये. त्यात बेडूक राहतात, गोगलगायी टिपायला भारद्वाज येतो. सापाच्या भीतीने रुग्ण बिचकतात, तेव्हा पाचोळ्याचा ढीग दवाखान्याच्या दारापासून दूर, मागील कुंपणाशी असावा. काही हात जमीन उघडी ठेवावी. एकट्या राहणाऱ्या कित्येक मधमाश्या जमिनीतच घर करतात.

गुळवेलीबद्दल मात्र सरसकट सल्ला देता येत नाही. तिच्या पानांवर वाढणाऱ्या काही अळ्या पुढे फळांतील रस शोषणारे पतंग होतात आणि संत्री, मोसंबी, डाळिंबाच्या बागांचे नुकसान करतात. म्हणूनच बागायतदारांना बागेभोवतालच्या गुळवेल, वासनवेल यांसारख्या वेली काढून टाकण्याचा सल्ला कृषितज्ज्ञ देतात. नागपूर-अमरावतीच्या संत्रापट्ट्यात किंवा डाळिंबाच्या शिवारात राहणाऱ्या वैद्याने, निंबावर चढलेली गुडूची श्रेष्ठ म्हणून ती बांधावर लावू नये. शेजाऱ्याच्या पिकाचा विचार आधी. गावठाणात, बागांपासून दूर असल्यास अवश्य लावावी. २०२० नंतर मागणी वाढून तिची जंगली वेल ओरबाडली गेली, तेव्हा परसातील एक वेलही उपयोगी ठरते.

दुसरा अपवाद ईश्वरीचा. क्रिम्सन रोज व कॉमन रोज ही देखणी फुलपाखरे तिच्याच कुळावर जगतात, तिच्यातील विषारी द्रव्य अंगात साठवून पक्ष्यांपासून बचाव करतात. तेच ॲरिस्टोलोकिक आम्ल मनुष्याच्या वृक्कांस घातक आहे. ते असलेल्या वनस्पतींना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००२ मध्ये मानवासाठी कर्करोगकारक ठरविले. परसात ईश्वरी लावायची तर फुलपाखरांसाठी लावावी, पोटात देण्यासाठी नव्हे, आणि तिच्या पाटीवर तसे स्पष्ट लिहावे. सर्पदंशावर तिचे मूळ मागायला येणारे लोक अजूनही आहेत. त्यांना तत्काळ प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात पाठवावे.

फार्मसीचालकांसाठी एक झुडूप सुचवितो, धायटी. आसवारिष्टांच्या संधानासाठी आपण धातकीपुष्पे किलोंनी विकत घेतो, पण झुडूप पाहिलेले चालक थोडे. माघापासून चैत्रापर्यंत तिच्या लाल नळीदार फुलांवर शिंजीर व मधमाश्या सतत असतात. फुलांतील मधुरसात वाढणारी किण्वे एका फुलातून दुसऱ्यात नेण्याचे काम हेच पाहुणे करतात. कारखान्याच्या आवारातील पाच-सहा झुडुपांनी वर्षाची गरज भागणार नाही, हे उघड आहे. परंतु पुरवठादाराचे पोते उघडल्यावर फुले जुनी आहेत, देठ-पानांनी वजन वाढविले आहे किंवा काय, हे पारखण्यास ताजा नमुना हाताशी राहतो. धायटीला निचऱ्याची, मुरमाड जमीन चालते. रोपे पावसाच्या आरंभी लावावीत, पहिले दोन उन्हाळे पाणी द्यावे, आणि छाटणी करायची ती फुलोरा पूर्ण संपल्यावर, झुडपात शिंजीराचे लोंबते घरटे नाही हे पाहूनच.